सोळा नंबरचा फोटो

मात्सुमोतो, १६ जुलै १९७४

चि. मासुए, अनेक आशीर्वाद.

ढग हटले, डोंगर पुन्हा जागच्या जागी दिसू लागले, आणि आमच्या गल्लीत सकाळपासून सगळ्यांच्या गाद्या उन्हात पडल्या आहेत. तुमच्या कामिसावातही हवा अशीच असेल. (तू म्हणशील, दादाला हवामानाशिवाय पत्र सुरू करता येत नाही. नाहीच येत. ऋतूच्या दोन ओळी न लिहिता जो मुद्द्यावर येतो तो तार करतो, पत्र लिहीत नाही.)

आता मुद्दा. नगर-सभागृहाने डिसेंबरच्या आठ तारखेपासून दोन आठवडे मला एक अख्खी भिंत दिली आहे. चोवीस फोटोंची. अट एकच, सगळे फोटो एकाच कामाचे हवेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हीच भिंत इथल्या कॅमेरा क्लबलाही हवी होती. त्यांच्याकडे तोक्योहून आणलेली भिंगं आहेत. माझ्याकडे सतरा वर्षं आहेत. मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, कुठल्या क्लबात चहा प्यायलो नाही. रद्दीत मिळालेल्या एका पुस्तकावरून शिकलो, आणि त्याचीही पहिली वीस पानं गायब होती. दिवसभर दुकानात शिक्के कोरायचे आणि उरलेल्या वेळात माणसांचे हात टिपायचे. पाण्यात बुडवून तोफू कापणारा, दारांना नवा कागद डकवणाऱ्या बायका, छत्रीला तेल लावणारा, सगळे माझ्याकडे आहेत. पण तुकड्यातुकड्यांत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत असं एकच काम मला करायचं आहे: कामिसावाच्या देवळाच्या दारावर दर नव्या वर्षाला बांधतात तो पेंढ्याचा दोर. आणि तो वळणारा माणूस जिल्ह्यात एकच उरला आहे. तुझे सासरे.

यासाकु-आजोबांनी मला तीनदा नकार दिला, हे मी विसरलेलो नाही. तिसऱ्या वेळी म्हणाले, "शिक्केवाल्याने शिक्के कोरावेत." तरी तू बोलून बघ. रिकिजीला सांगू नकोस. तुझा नवरा म्हणून बोलत नाही, पण बापासमोर तो सहकारी संस्थेतल्या आपल्या कारकुनी टेबलाखाली लपल्यासारखा उभा राहतो.

देवाच्या दोराचा पेंढा हिरवा असतानाच कापतात, म्हणजे याच दिवसांत. वेळ नाही. लगेच लिही.

आणि हो, मागच्या वेळी विहिरीच्या फोटोत तू निळं प्लास्टिकचं घमेलं ठेवलं होतंस, त्याबद्दल मी अजून काही बोललेलो नाही.

तुझा दादा,
तोकिजो


कामिसावा, २४ जुलै

ती. दादास नमस्कार.

हवा गरम आहे. झालं ऋतूचं.

घमेलं मी ठेवलं नव्हतं, ते तिथेच असतं. त्यात मी रोज मुळे धुते. तूच ते उचलून गोठ्यामागे ठेवलंस आणि मी दोन दिवस शोधत होते, त्याबद्दल मीही अजून काही बोललेले नाही.

मामंजींशी बोलले. तुझं नाव काढताच म्हणाले, "तो येतो, आणि माझ्या घरात माझंच सामान हलवतो." मी वाटी भरली. ते चहा पीत राहिले. दादा, गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा डावा अंगठा वाकत नाही. कुणाला सांगत नाहीत, पण वाटी धरताना कळतं. या वर्षीचा दोर होईल. पुढच्या वर्षीचं ते स्वतःही बोलत नाहीत. आमच्या ह्यांना शिकवायचा प्रयत्न चार वेळा झाला. चारही वेळा ह्यांनी पेंढा हातात घेतला की मामंजी म्हणाले, "कार्बन पेपर नाहीये तो," आणि शिकवणी संपली. बाप असा आणि मुलगा तसा, मध्ये मी.

दुसऱ्या दिवशी जेवताना आपणहून विचारलं, "पीळ उतरतो का गं फोटोत?" म्हटलं, दादा म्हणतो त्याच्या फोटोत मुंगीच्या मिशा मोजता येतात. तर म्हणाले, "मुंगीचं काम नाही." वाटी खाली ठेवली. आणि मग म्हणाले की ये म्हणून सांग.

अट आहे. पेंढा कापण्यापासून दोर देवळाच्या दारावर चढेपर्यंत सगळं क्रमाने यायला हवं. ज्याने कधी हे काम पाहिलं नाही, त्याला नुसते फोटो समोर ठेवून दोर वळता आला पाहिजे. सगळ्यांची एकेक प्रत देवळातल्या पेटीत राहील. त्यांचेच शब्द लिहिते: "सुंदर नको. बरोबर हवं."

शनिवारी कापणी आहे. शुक्रवारी ये. काही हलवू नकोस.

मासुए


मात्सुमोतो, १२ ऑगस्ट

चि. मासुए, अनेक आशीर्वाद.

झाडावरच्या किड्यांचा आवाज इतका आहे की गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकू येत नाही. एकाने शिक्क्यावर आडनाव काय कोरायचं ते तीनदा सांगितलं.

कापणीचे आणि वाळवणीचे आठ फोटो पक्के झाले. लोंब्या धरायच्या आधीचा भाताचा पेंढा, कंबरेइतका, आणि आजोबांचा विळा जमिनीपासून बरोबर तीन बोटं वर. तीन. मी पट्टी लावून मोजलं तेव्हा ते म्हणाले, "शिंप्याकडे होतास का आधी?"

आता पंख्याचं प्रकरण. तुला वाटत असेल मी रागावून गेलो. रागावलो नाही. माळ्यावर हिरवा पेंढा सावलीत टांगलेला, कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आलेली, अशी जागा दहा वर्षांत एकदा मिळते. आणि तिच्या बरोब्बर मध्ये तो गुलाबी पात्यांचा विजेचा पंखा! मी तो हळूच बाजूला केला. आजोबांनी तो परत जागेवर आणून ठेवला. मी पुन्हा केला. त्यांनी पुन्हा आणला.

मी म्हटलं, "आजोबा, देवाच्या कामात पंखा?"

ते म्हणाले, "देवाला पंखा चालतो. बुरशी चालत नाही."

"पण फोटोत..."

"तुझे फोटो बघून कुणी पेंढा वाळवला आणि पंखा लावला नाही, तर तो कुजेल. मग देवाला तू तोंड दाखव."

पंखा फोटोत आहे. नंबर पाच. मी त्याला जरा कोपऱ्यात घेतलं आहे, एवढा अधिकार मला असू दे.

तुझ्या लोणच्याचं मडकं पोचलं. सेत्सु म्हणते मीठ कमी आहे. मला तसं वाटत नाही, पण तिने लिही म्हटलं.

तुझा दादा,
तोकिजो


कामिसावा, ३० सप्टेंबर

ती. दादास नमस्कार.

वहिनीला सांग, तिच्या हातच्या लोणच्यात मीठ जास्त असतं, म्हणून माझ्यात कमी लागतं.

पेंढा सुरेख वाळला. अजून हिरवा आहे, चहाच्या पानांसारखा. मामंजी रोज वर जाऊन वास घेऊन येतात. कालपासून त्यांनी गडद निळा किमोनो बाहेर काढून वाऱ्याला लावला आहे. मी विचारलं तर म्हणाले, "कसर लागते." कसर त्याला गेली पंधरा वर्षं लागतच होती. फोटोसाठी आहे हे सगळं, पण तू मला काही विचारू नकोस आणि त्यांना तर अजिबात नाही.

नोव्हेंबरच्या सतरा तारखेला दोर वळायला बसणार.

मासुए


मात्सुमोतो, २२ नोव्हेंबर

चि. मासुए, अनेक आशीर्वाद.

पर्सिमनची शेवटची फळं झाडावर राहिली आहेत, कावळ्यांसाठी. वरच्या डोंगरावर बर्फ पडलं.

सतरा तारखेचे सगळे रोल धुऊन झाले. मी सतरा वर्षं हे काम करतोय, पण असा दिवस मला मिळाला नव्हता, हे मी तुला लिहितो आहे, दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. मोगरीने पेंढा मऊ करताना आजोबा प्रत्येक चौथ्या ठोक्यानंतर थांबतात, हे कुणाच्या लक्षात आलं असतं? माझ्या आलं. नंबर नऊ.

वळायला बसायच्या आधी त्यांनी मला पहिलीतल्या मुलासारखं समोर बसवलं. म्हणाले, "बैलाचा दोर कसा?"

म्हटलं, "उजव्या पिळाचा."

"आणि देवाचा?"

"डाव्या पिळाचा. आजोबा, हे कोणाला माहीत नसतं?"

"तुझ्या मेहुण्याला," असं म्हणून त्यांनी रिकिजीकडे पाहिलं. रिकिजी चहा आणायला उठला.

आणि मग त्यांचा डावा तळवा पुढे सरकला, पेंढा दोन हातांच्या मध्ये जिवंत झाल्यासारखा फिरला. अंगठा वाकत नाही तर त्यांनी तळव्याच्या कडेने काम केलं. तो क्षण म्हणजे नंबर सोळा. भिंतीच्या मधोमध लावणार, एक मीटर रुंद. छापताना चित्राची बैठक मी जरा सुधारली आहे, आता नजर दारातून येते आणि थेट हातांवर जाऊन बसते. क्लबवाल्यांनी येऊन बघावं.

सगळ्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रतीही काढल्या. दोर चढवतानाचा फोटो अठ्ठावीस डिसेंबरला निघेल, तो पंचविसावा, फक्त पेटीसाठी. बाकीचं पाकीट आठ तारखेला तुझ्या हातात देईन. आजोबांना घेऊन या. सगळे या.

तुझा दादा,
तोकिजो


कामिसावा, ९ डिसेंबर

दादा,

काल आम्ही अकरा जण बस करून आलो. तू पेपरवाल्याशी बोलत होतास, पाकीट माझ्या हातात कोंबलंस आणि परत बोलायला गेलास. तेव्हा काय झालं ते तुला ठाऊक नसणार, म्हणून लिहिते.

आत शिरताच समोर तो मोठा फोटो. शेजारच्या ओतोमेआजी सगळ्यांत पुढे होत्या. त्या थबकल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "अगं बाई, यासाकु गेले? आणि मला कुणी कळवलं नाही?"

मामंजी त्यांच्या मागेच उभे होते. म्हणाले, "उद्या कळवणार होतो."

मग सगळ्यांना दिसलं. दादा, किमोनोची उजवी बाजू वर! डावी खाली! शवपेटीत ठेवायच्या आधी आपण मेलेल्या माणसाला नेसवतो तसं! एक मीटर रुंद! तू, ज्याने पट्टी लावून विळा मोजला! तुला नाही दिसलं? त्या दिवशी मामंजी वळायला बसण्याआधी आरशासमोर नीट नेसून आले होते, मीच गळा सारखा केला होता. म्हणजे तू फोटो उलटा छापलास.

लोक हसत होते, मामंजीही हसत होते. शेजारच्यांना म्हणाले, "बरा दिसतोय की मेल्यावर." मला वाटलं, निभावलं. मग त्यांनी चष्मा लावला, फोटोच्या अगदी जवळ गेले, नाक टेकेल इतके. आणि तसेच वळून बाहेर गेले. बाकीचे तेवीस फोटो पाहिलेच नाहीत. आम्ही परत आलो तोवर बसमध्ये बसून होते. डबासुद्धा उघडला नव्हता.

घरी आल्यावर पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाले, "चुलीला होईल ते." आणि अठ्ठावीसला तू यायचं नाहीस. पेटीत काहीही जाणार नाही. का, ते सांगत नाहीत. गळ्यावरून म्हणावं तर कालपासून स्वतःच त्यावर विनोद करताहेत.

काय केलंस तू?

मासुए


मात्सुमोतो, १२ डिसेंबर

चि. मासुए,

थंडी आहे.

निगेटिव्ह कधीकधी यंत्रात उलटी बसते. घाईच्या कामात असं होतं. गळ्याची पट्टी ही काही फार मोठी गोष्ट नाही, आणि आजोबा हसले असं तूच लिहितेस. लोक कौतुक करताहेत. पेपरात चार ओळी आल्या आहेत, त्यात "प्रकाशाची समज" असे शब्द आहेत. क्लबचा सचिव दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा काही बोलला नाही, यावरून काय ते समज.

सतरा वर्षांत मी कुणाकडे काही मागितलं नाही. एका पट्टीवरून माणूस अख्खं काम चुलीत घालायला निघतो, तर त्याला मी काय म्हणणार? पंचविसावा फोटो नसला तरी भिंत चोवीसचीच होती.

तोकिजो

(याच पाकिटात, शिक्क्यांच्या कागदाच्या चिटोऱ्यावर)

मासुएबाई, हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. निगेटिव्ह आपोआप उलटी बसली नाही. मी शेजारी ट्रे हलवत उभी होते. ह्यांनी आधी सुलटा छापला, पाहिला, मान हलवली आणि मग मुद्दाम उलटी घातली. मी म्हटलं, असं चालतं का? तर म्हणाले, "डोळ्याला बरं दिसतं." तुमचं पत्र आल्यापासून एकाच शिक्क्यावर बसले आहेत आणि तो अजून पुरा झालेला नाही. लोणच्यात मीठ या वेळी बरोबर होतं. सेत्सु.


कामिसावा, १५ डिसेंबर

दादा,

गळा नव्हे. दोर.

मला काल कळलं, आणि कसं कळलं तेही ऐक. पाकीट चुलीत गेलं नव्हतं. आमच्या ह्यांनी ते उचलून संस्थेच्या कपाटात ठेवलं होतं. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून हे तुझे फोटो ओळीने मांडतात आणि पेंढा घेऊन बसतात. बाप समोर नसला की ह्यांचे हात बरोबर चालतात. पाच दिवसांत हातभर दोर वळला. एवढा घट्ट, एवढा एकसारखा की मी हातात घेतला तर खरं वाटेना. काल हिय्या करून मामंजींपुढे नेऊन ठेवला.

मामंजींनी तो उचलला, बोटांनी चाचपला. चेहरा उजळलेला मी पाहिला, दादा. मग उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला.

"हा बैलाचा आहे."

हे म्हणाले, "बाबा, चित्रात असाच आहे. उजवा हात पुढे." आणि खिशातून सोळा नंबर काढून दाखवला.

बाप-लेक दोघे त्या फोटोकडे बघत बसले. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ते दोघे इतका वेळ एका जागी बसलेले मी पाहिले नव्हते. शेवटी मामंजी म्हणाले, "मला मेलेला दाखवलं, ते दोन वर्षं आधी दाखवलं, एवढंच. पण देवाच्या दाराला बैल बांधायचा दोर? आणि माझ्याच हातांनी?"

हे तडक संस्थेत गेले. पेंढा गोळा करून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

तू उलटा छापलास तेव्हा हात उलटले, पीळ उलटला. ज्याने कधी पाहिलं नाही त्याला फोटोवरून वळता यायला हवं होतं ना? आलं. चुकीचं आलं.

वहिनीची चिठ्ठी मिळाली. तू निगेटिव्हबद्दल जे लिहिलंस ते मी मामंजींना वाचून दाखवलेलं नाही. वाचू का?

मासुए


मात्सुमोतो, २० डिसेंबर

ती. यासाकु-आजोबांस तोकिजोचा नमस्कार.

वर्ष संपत आलं. गल्लीत सगळ्यांची झाडझूड चालली आहे आणि धूळ या दारातून त्या दारात जाते आहे.

सोळा नंबरचा फोटो मी जाणूनबुजून उलटा छापला. निगेटिव्ह घसरली नव्हती. मासुएला मी तसं लिहिलं ते खोटं होतं.

कारण सांगतो, माफीसाठी नाही, कारण आहे म्हणून. सुलट फोटोत तुमचे हात उजवीकडे येतात आणि नजर तिथे पोचायच्या आत मागच्या खिडकीवर अडकते. उलटा केला की सगळं बसतं. आणि मला तो उलटा वाटलाच नाही. मी तेवीस वर्षं शिक्के कोरतो आहे. दगडावर अक्षर उलटंच कोरायचं असतं, तरच कागदावर सुलट उठतं. गावातल्या अर्ध्या माणसांची नावं मी रोज उलटी वाचतो, भरभर. याचा मला अभिमान होता. ज्या डोळ्याला उलटं हेच सरळ दिसतं, त्या डोळ्याने मी तुमचा पीळ पाहिला. डावा पीळ कोणाला माहीत नसतो, असं तुम्हाला तोंडावर म्हणालो होतो. मलाच दिसला नाही.

सोमवारी भर दुपारी सभागृहात जाऊन तो फोटो उतरवला. क्लबचा सचिव तिथे होता. त्याने विचारलं, मी सांगितलं. त्याच्याकडे या वेळी शब्द होते.

मग चोवीसही निगेटिव्ह एकेक करून प्रतींशी ताडून पाहिल्या. आणखी एक सापडली. नंबर नऊ, मोगरीचा. तोही मीच उलटवला होता, भिंतीवर त्याचं तोंड सोळाकडे यावं म्हणून. त्यात तुम्ही स्वेटर घातला होता, म्हणून गळा दिसला नाही आणि तुम्ही डावखुरे झालात ते कुणालाच कळलं नाही. कळलंही नसतं. तरी सांगतो आहे.

चोवीस फोटो नव्याने छापून सोबत पाठवले आहेत. प्रत्येकाच्या मागे "डावा", "उजवा" लिहून शिक्का मारला आहे. सोळा नंबरमध्ये नजर खिडकीवर अडकते. अडकू दे.

आणखी एक वस्तू आहे. तुमची अट होती की ज्याला काही येत नाही त्याला फोटोवरून वळता यावं. माझ्याइतकं काही न येणारा माणूस मला दुसरा मिळाला नाही. गल्लीतल्या तातामी चटया करणाऱ्याकडून पेंढा आणला आणि नव्या प्रती समोर ठेवून तीन दिवस बसलो. पंखा लावला होता. दोर हातभर झाला आहे. पीळ तपासावा.

रिकिजीला सांगा, त्याने वळलं ते बरोबर वळलं होतं. चूक माझ्या कागदावर होती.

तोकिजो


कामिसावा, २३ डिसेंबर

तोकिजोस,

बर्फ आहे.

फोटो पाहिले. सगळे. एक दिवस लागला. पेटीत ठेवले आहेत. पाच नंबरमध्ये पंखा नीट दिसत नाही, पण आहे.

तुझा दोर पाहिला. पीळ डावा आहे. सैल आहे. म्हातारी शेळी बांधली तर राहील. तरुण शेळी जाईल. पेंढा तू ओला न करता घेतलास, म्हणून तुटला. ते फोटोत येत नाही, ते मी मागे लिहून ठेवलं.

रिकिजीने नव्या कागदांवरून पुन्हा वळला. या वर्षीच्या दोराला खाली तीन शेंडे लोंबतात, त्यातला मधला त्याचा आहे. मी सोडवून परत वळायला लावला, दोनदा. तिसऱ्यांदा लावला नाही.

उलटा सोळा नंबर मी ठेवून घेतला आहे. मी गेल्यावर तो लावा, तेव्हा गळा बरोबर असेल. दोराचा भाग कापून.

अठ्ठावीसला दोर चढवायचा. शिडीवर या वेळी मी नाही, रिकिजी. शिडी धरायला एक माणूस कमी आहे. गळ्यात कॅमेरा असलेला माणूस शिडी धरू शकत नाही, एवढं मला कळतं. तुला पंचविसावा फोटो हवा की शिडी, ते तू ठरव. भाताचे गोळे मासुए करेल.

यासाकु


(पोस्टकार्ड) मात्सुमोतो, २५ डिसेंबर

मासुए, सत्तावीसला दुपारच्या बसने येतो. शिडी मी धरणार. कॅमेरा तुझ्या गळ्यात राहील. सगळं आधीच लावून देईन, तू फक्त बटण दाब. श्वास रोखून दाब. हळू दाब. बाकी कशालाही हात लावू नकोस. तोकिजो


मात्सुमोतो, ६ जानेवारी १९७५

चि. मासुए, अनेक आशीर्वाद. नवं वर्ष सगळ्यांना सुखाचं जावो.

पागोळ्यांच्या सळया झाल्या आहेत. सेत्सुने त्यातली एक मोडून लोणच्याच्या मडक्यावर ठेवली, गार राहावं म्हणून.

तू काढलेला फोटो धुतला. दोष लिहितो. चौकट डावीकडे चार अंशांनी कललेली आहे, मी कोनमापक लावला. दोराचं एक टोक कापलं गेलं आहे. पुजारीबुवा अर्धेच आले आहेत आणि जांभई देताहेत. वरच्या कोपऱ्यात जे पांढरं धुकं दिसतं ते धुकं नव्हे, तुझं बोट आहे. आणि चित्राच्या अगदी मध्यभागी, सगळ्यांत स्पष्ट, माझ्या डोक्याचं टक्कल. ते इतकं झालंय हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

रिकिजी शिडीच्या वरच्या पायरीवर आहे. आजोबा खाली उभे, मान वर, तोंड उघडं. काहीतरी ओरडताहेत. "कार्बन पेपर नाहीये तो" असं म्हणत होते की दुसरं काही, ते मला खालून ऐकू आलं नाही, मी शिडीकडे बघत होतो. पण रिकिजी हसताना आला आहे. सत्तावीस वर्षांत त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

मधला शेंडा भिंगाखाली धरला. एकवीस वेढे मोजता येतात. सगळे डावे.

फोटो सोबत पाठवला आहे, पेटीत ठेव. काही कापलेलं नाही, काही सरळ केलेलं नाही. मागे पंचवीस नंबर घातला आहे आणि "छायाचित्र: मासुए" असं लिहिलं आहे. आजोबांनी विचारलं तर त्यांना बोटाचं सांग, नाहीतर ते बर्फ समजतील.

जुलैत हिरवा पेंढा कापायचा दिवस ठरला की आठवडाभर आधी कळव. एक पेंढी माझ्या नावाची बाजूला ठेवायला सांग. विळा माझा मी आणीन, कॅमेऱ्याचं नंतर बघू.

तुझा दादा,
तोकिजो